सुटली म्हना

एसटीत कंडक्टर होतो मी, अकोला डेपोले. सारी नोकरी लोकायच्या थापा ऐकन्यात गेली. 'साहेब, पोरगं पाच वर्साचंच आहे,' असं बाई सांगे आन पोरग्याले मिसरूड फुटलेली असे. 'पास घरी राहिला.' 'पाकीट मारलं.' 'मी आमदाराचा साडभाऊ आहो.' खोटं बोलनारा मानूस मले त्याच्या मानेवरून समजे. आन त्या माह्यावर, महादेवरावावर, माह्याच घरात, माह्याच बायकोनं खोटारड्याचा शिक्का मारला. तोही कोनाच्या भरवशावर? तर मुठीत मावन एवढ्या मशीनच्या. सांगतो सारं. पन मधात हासू नका, मले राग येते.

मले शुगर आहे. टाईप टू. टाईप वन असती तर खिडकीजवळची सीट भेटली असती का, मालूम नाही. गोळ्या चालू आहेत, सकाळी मोर्णेच्या पुलापावतर फिरून येतो, चहा बिनसाखरेचा पेतो. आमची पोरगी आरती अमरावतीले मास्तरीन आहे. तिनं ते शुगर मोजायचं मशीन आनून देल्लं आन नेम लावून देल्ला. सकाळी काही न खाता बोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसाचं, सुई टोचाची, रक्ताचा थेंब पट्टीले लावाचा आन जो आकडा येईन तो तिले मोबाईलवर धाडाचा. हिवाळाभर आकडा एकशेचाळीसच्या आजूबाजूले राहे. आरती खूश, डॉक्टर खूश. मीही जुन्या शहरात छाती काढून फिरत होतो.

मंग मोर्शीवरून संत्री आली.

माही बायको जमुना. तिचं माहेर मोर्शीचं, आन तिच्या भावाचा, किशोरचा, तिथी संत्र्याचा बगीचा. माल तुटला की किशोर पेटी धाडते. पेटी आली की जमुना ती सोताच्या खाटेखाली ठेवते, सरकारी खजिन्यावानी. मले एक फोडही नाही. एखांदं संत्रं खायाले डॉक्टरची मनाई नोती, पन आमच्या घरात डॉक्टरपेक्षा जमुना मोठी. रोज एक संत्रं देवाचं. ज्याची आंगोळ आधी होईन त्यानं ते सोलाचं, फोडी मोकळ्या कराच्या, रेषे काढाचे आन वाटीत घालून निवद दाखवाचा. मंग मशीन, मंग चहा. प्रसाद जमुनेच्या आन शेजारच्या मैनाबाईच्या पोटात जाये. माह्या वाट्याले नुसता वास.

आन त्याच दिवसाईत माही सकाळची शुगर बिघडली. एक दिवस एकशेबेचाळीस, दुसऱ्या दिवशी दोनशेएकोनीस. मंग एकशेअडतीस, मंग पुन्हा दोनशेच्या वर. चिखलदऱ्याच्या घाटातल्या गाडीवानी नुसतं वर-खाली. खानं तेच, गोळ्या त्याच, मानूसही तोच. आरतीचा फोन आला. "बाबा, रातच्याले उठून काय खाऊन राहिले तुमी?"

"काही नाही खात व बाई."

"मंग आकडा हवेतून येते का?"

जमुना बाजूलेच उभी होती. तिनं फोन संपायची वाट पाहली नाही. तिनं थेट माह्या सदऱ्याचे खिसे उलटे केले. मंग गादी उचलून पाहली. मंग फ्रिजच्या दाराले देवघरातली घंटी बांधली, म्हनजे दार उघडलं की आवाज यावा. काही सापडलं नाही तर त्याचाही तिनं सरळ हिशेब लावला. म्हने, "चोर मुरलेला आहे."

आता मले सांगा, ज्यानं जिंदगीभर बिनतिकीट लोकं पकडले, त्याले कोनी चोर म्हनावं? माह्या मस्तकात तिडीक गेली. मी उठलो आन म्हटलं, "जमुने, तुही शपथ! तुह्या गळ्याची शपथ. रातच्या भाकरीवर पान्याशिवाय काही पोटात गेलं असन तर!"

जमुना विरघळली. गळ्याची शपथ म्हनजे काही साधी गोष्ट नाही. त्या दिवशी तिनं माह्या आवडीची मेथी केली, घंटीही सोडली. मी निवांत झोपलो. दुसऱ्या दिवशी फिरून आलो, आधी आंगोळ केली, देवाचं संत्रं सोललं, फोडी ठेवल्या, बोट पुसलं आन सुई टोचली.

दोनशेएकतीस.

जमुनेनं मशीनकडं पाहलं. मंग माह्याकडं पाहलं. मंग सोताच्या गळ्याले हात लावला.

"वो," ती म्हने, "सुटली म्हना."

आमच्याकडं शपथ घ्यायची सोय आहे तशी सोडायचीही आहे. खोटी शपथ घेतली तर ज्याची घेतली त्याच्या जिवावर येते. पन घेनाऱ्यानं 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते आन वाईट टळते. लहान लेकरं गोट्या खेळताना दिवसातून दहा डाव शपथा घेतात आन दहा डाव सोडतात. एक शबुद आहे फक्त. पन तो म्हननं म्हनजे आपली शपथ खोटी होती असं कबूल करनं, हे काय मले समजत नोतं का?

"काहून म्हनू?" मी म्हटलं. "मी खरं बोललो."

"मंग मशीन खोटं बोलते का?"

"ते मले काय मालूम!"

"एक शबुद म्हनायचा आहे. तुमचं काय जाते?"

"माही इज्जत जाते."

"आन माहा जीव जाईन त्याचं?"

"नाही म्हनत," मी म्हटलं. झालं. तिथून आमच्या घरात दुसरी भाषाच राहिली नाही.

जमुनेले खोकला आला, सुटली म्हना. उंबऱ्याले ठेच लागली, सुटली म्हना. भाजी चिरताना बोट कापलं, ते बोट माह्या नाकासमोर धरून म्हने, "पाहा. सुरू झालं. आता तरी म्हना." पाल चुकचुकली तरी माह्याकडं पाहे. मंग तिनं आवराआवर काढली. कपाट उघडून बसली. "ही जांभळी नऊवार आरतीची. पितळेचा डबा मैनाबाईले द्या. आन दुसरी केली तर तिले सांगून ठेवा, तुमाले पोह्यात शेंगदाने कडक लागते."

"मी काहून दुसरी करीन व? ह्या वयात?"

"मानूस रातच्याले चोरून खाते तो काहीही करन."

रागाच्या मारी मी जेवन सोडून उठो. पन खरं सांगतो, रागाच्या आत भेव होतं. जमुना खोकलली की माहा जीव वर होये. मी खोटी शपथ घेतली नोती हे मले पक्कं मालूम होतं, तरीही. एवढ्या वर्सात तिनं माह्यावर शंभर गोष्टीवरून राग केला असन, पन माह्या शब्दावर कदी शंका नोती घेतली. ती आता माह्याकडं पाहे ते बिनतिकीट मानसाकडं पाहते तसं. ते मले सुईपेक्षा जास्त टोचत होतं. आन 'सुटली' काही माह्या तोंडातून निघे ना.

एक दिवस ती म्हने, "माह्यासाठी म्हनत नसान तर निदान देवाची माफी मांगा. आजपासून आंगोळ कोनाचीही आधी होवो, संत्रं तुमीच सोलाचं. सोताच्या हातानं. एकेक सालटं काढताना म्हनाचं, चुकलं देवा."

सोलनं मी कबूल केलं. चुकलं देवा मात्र नाही म्हटलं. मी म्हनो, "तूच पायत असशीन ना रे बापा, सांग ना हिले काहीतरी." चांगलं मन लावून सोलो. एकेक फोड दाबून बी काढो, रेषा न रेषा काढो. आन देवानं काय करावं? दोनशेचाळीस. दोनशेपंचावन. दोनशेसाठ. पयले एखांद्या दिवशी तरी कमी येत होती, आता तर उतरायचं नावच घेईना.

"देवही तुमचं ऐकून नाही राहिला," जमुना म्हने.

त्यात मशीनच्या डब्बीले मुंग्या लागल्या. लाल, बारीक. डब्बीवर, बोट पुसलेल्या बोळ्यावर, सुईच्या टोपनावरही. मैनाबाई प्रसादाले आली होती, तिनं डोळे फाडून पाहलं आन तोंडावर पदर घेतला. "बाप्पा बाप्पा! भाऊच्या रक्तात एवढी साखर, का मुंग्याईले पत्ता लागला!" तासाभरात सारी गल्ली माह्या रक्ताची चव सांगून राहिली होती. पानठेल्यावर एकजन मले म्हने, "महादेवराव, तुमी आमच्याकडं चहाले येत जा, साखर वाचन." त्याच्याशी मी अजूनही बोलत नाही.

संध्याकाळी आरतीचा फोन. तिनं अमरावतीच्या डॉक्टर संध्या मॅडमची वेळ घेतली होती. "बाबा, सकाळचे आकडे असेच राहिले तर मॅडम डोस वाढवतीन, नाही तर इन्सुलिन. आता तरी खरं सांगा."

"खरंच सांगून राहिलो!" असं मी इतक्या जोरानं बोललो का मोबाईल बंद पडला.

त्या रात्री जमुना सैपाकघराच्या दारात आडवी झोपली. उशी, चादर, सारं घेऊन. सकाळी मी उठलो तर ती तशीच, माह्या आन डब्यायच्या मधात, एखांद्या नाकाबंदीवानी. तिले तसं पाहून माहं डोस्कंच फिरलं. मी म्हटलं, आज नाही सोलत संत्रं. आज नाही करत पूजा. फिरालेही गेलो नाही. साबन लावून आंगोळ केली आन ओट्यावर जाऊन बसलो, तोंड रस्त्याकडं.

जमुनेनं आंगोळ केली, मुकाट्यानं संत्रं सोललं, निवद दाखवला आन मशीन घेऊन ओट्यावर आली. मी बोट पुढं केलं. तिच्याकडं पाहलंही नाही.

एकशेएक्केचाळीस.

मले वाटलं, आता ही खूश होईन. कायची! ती कंबरेवर हात देऊन उभी राहिली. "पाहा! आज कशी कमी आली? काहून आली? मी दारात झोपली होती म्हनून! आज खायाले भेटलं नाही ना! अजून काय पुरावा पायजे तुमाले?"

माहा बांधच फुटला. "अव, मशीन खोटं आहे! मशीन! आन, तुहं बोट आन इकडं!"

"मले काहून लावता? मले काय झालं?"

"तुले काही झालं नाही ना? मंग भेव काय? आन बोट!"

तिनंही तावातावानं बोट पुढं केलं. जमुनेले शुगर नाही. मागच्याच साली आरतीनं तपासली होती, सारं चांगलं निघालं होतं. मी नवी पट्टी घातली, बोळा फिरवला, सुई टोचली. मशीननं आकडे मोजले.

दोनशेअडुसष्ट.

जमुनेचं तोंड चुन्यावानी पांढरं पडलं. ती ओट्यावर टेकली. "असं कसं? मी तर काही नाही खाल्लं. पानीही नाही पेली अजून. प्रसाद तसाच आहे वाटीत, जाऊन पाहा. तुमची शपथ, तुमच्या गळ्याची शपथ वो, मी काहीच..."

आन बोलता बोलता ती थांबली. शबुद माहेच होते. तिच्याही ध्यानात आलं.

खरं सांगू? ह्या मौक्याची मी वाट पाहून राहिलो होतो. काय काय बोलाचं ते फिरताना पुलावर पाठ केलं होतं. 'चोर मुरलेला आहे' हेही त्यात होतं. आन 'सुटली म्हन' तर होतंच, ते मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. पन तिनं माह्या सदऱ्याची बाही धरली होती. ती मले काही सिद्ध करून दाखवत नोती, तिले नुसतं वाटत होतं का मी तिचं ऐकावं. मले ते इतकं चांगलं मालूम होतं का बाकीचं सारं मी विसरलो.

"नाही खाल्लं तू," मी म्हटलं.

"तुमाले कसं मालूम?"

"तू सांगतलं ना."

जमुना रडाले लागली. आवाज न करता, खांदे हलवत. "मी तुमचं नाही आयकलं," ती म्हने. "तुमी एवढ्या डाव सांगतलं आन मी नाही आयकलं. दारात आडवी झोपली मी." आन तिनं दोन्ही हाताच्या बोटायनं डोळे पुसले.

आन पुसल्याबरोबर अशी वरडली, का मैनाबाई भिंतीवरून डोकावली.

"आई गं! झोंबलं! संत्र्याचं झोंबलं डोळ्याले!"

मी तिच्या बोटायकडं पाहलं. पिवळी, चिकट. मंग मशीनकडं पाहलं. त्याच्यावर एक मुंगी चालून राहिली होती. मंग माह्या साबनानं धुतलेल्या बोटाकडं पाहलं. इतकी वर्सं तिकीटं तपासली, शेवटी कामात आली. आज सोललं कोनं? तिनं. चढली कोनाची? तिची. ज्या दिवशी मी सोललं त्या दिवशी चढली कोनाची?

"जमुने, हात धुव!"

"डोळे झोंबून राहिले इथी आन—"

"डोळेही धुव, पन पयले हात! साबन लावून! घासून!"

ती धुऊन आली. हात चांगले कोरडे केले. नवी पट्टी, दुसरं बोट. सत्त्यान्नव. मंग मी जमुनेच्या समोर एक संत्रं सोललं, बोळा फिरवला, टोचलं. दोनशेबावन. साबनानं हात धुतले, टोचलं. एकशेत्रेचाळीस. आमची दोघायची बोटं चाळनी झाली, पन जमुना म्हने, अजून एक डाव करा, मले पाहू द्या. मैनाबाई भिंतीवरूनच म्हने, "म्हनजे मुंग्या रक्ताच्या नोत्या?" मी म्हटलं, "बाई, आता हे गल्लीत सांगा. ते सांगतलं तेवढ्याच जोरानं."

वेळ घेतलेलीच होती म्हनून अमरावतीले गेलो. डॉक्टर संध्या मॅडमनं सारी हकीकत ऐकली आन चष्मा काढून इतक्या हासल्या का बाहेरची नर्स आत आली. "संत्र्याच्या रसात साखर असते, ती बोटावर राहते. रक्ताचा थेंब त्या साखरेत मिसळला की मशीन दोन्ही मोजतं. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती जात नाही. साबण, पाणी आणि कोरडा हात, मगच सुई. बरं झालं तुम्हीच शोधलंत. या आकड्यांवर मी औषध वाढवलं असतं तर तुमची शुगर एकदम खाली गेली असती, ते जास्त वाईट."

"पन मॅडम," जमुना म्हने, "हात धुतल्यावरही ह्यांची एकशेचाळीस येते. रातच्या जेवनानंतर काही खात नाही, तरी सकाळी एवढी कशी?" आता ती माह्या बाजूनं बोलत होती, हे ध्यानात घ्या.

"पहाट झाली की शरीर उठायच्या तयारीला लागतं," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. सगळ्यांचंच सोडतं. पण यांचं शरीर ती नीट आवरू शकत नाही, म्हणून सकाळचा आकडा थोडा चढा दिसतो आणि रोज सारखा येत नाही. झोप कमी झाली, जेवायला उशीर झाला, काळजी केली, भांडण झालं, तरीही वाढतो. एका सकाळच्या आकड्यावरून माणसाला पकडायचं नसतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी बघायची, आणि ती यांची चांगली आहे."

"म्हनजे चोर लिव्हर होतं," जमुना म्हने.

"चोर नाही हो. जरा जास्तच कामसू."

येताना आरतीनं स्टॅन्डवर आईच्या हातात बेसनाच्या लाडवाचा डबा देल्ला, 'फक्त आईसाठी' असं दोन डाव सांगून. गाडीत जमुना माह्या खांद्यावर डोकं टेकून मूर्तिजापूरपावतर झोपली. किती दिवसाची झोप राहिली होती बिचारीची. मी जागाच होतो. सारा रस्ता तेच डोक्यात फिरून राहिलं होतं. ती मले कबूल हो म्हनत नोती. तिले भेव वाटत होतं, आन ते जायाले एक शबुद लागत होता. माह्या इज्जतीले त्यानं काय झालं असतं? ती खोकलत होती आन मी खरं-खोटं धरून बसलो होतो. कंडक्टर तो कंडक्टरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी संत्रं मी सोललं. मंग दोघायनंही माहे हात धुतले, म्हनजे मी धुतले आन जमुनेनं पानी टाकलं. टोचलं. एकशेएक्कावन.

मी तिच्याकडं पाहलं. आता काय म्हनते ही?

"लिव्हर," जमुना म्हने आन चहा ठेवाले गेली.

मले काय वाटलं काय सांगू. मी तिच्या मागं सैपाकघरात गेलो. ती गॅसपाशी पाठमोरी उभी होती. मी म्हटलं, "जमुने."

"काय वो?"

"सुटली."

तिचा हात थांबला. ती हळूच वळली. माह्या डोळ्यात पाहलं, मंग खाली माह्या हाताकडं, मंग वर फळीवरच्या बेसनाच्या लाडवाच्या डब्याकडं. गॅस बारीक केला, जवळ आली आन माहं तोंड हुंगलं.

"काहून म्हटलं आज?" ती म्हने. "काय खाल्लं?"